जुना बेसबॉल मोसम संगणकावर खेळवताना

1968 चा अमेरिकन मोसम खेळाडूंच्या खऱ्या आकड्यांवर संगणकात खेळवत असाल, तर पहिले 40 सामने गुणतक्त्यापेक्षा धावांकडे बघा. केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, गुणिले 162 (मोसमातले सामने), की अपेक्षित विजय मिळतात. म्हणजे 700 केल्या, 600 दिल्या, तर साधारण 93 विजय.

फलंदाजांच्या कमी सरासरीने (एकूण प्रयत्नांत यशस्वी फटक्यांचं प्रमाण) गडबडून सेटिंग बदलू नका. त्या वर्षी दोन मुख्य लीगांपैकी अमेरिकन लीगमध्ये फलंदाज कार्ल यास्त्रझेम्स्की .301 वर अव्वल होता, इतकं पिचरांचं (चेंडू टाकणाऱ्यांचं) राज्य!

खरा घोळ बदली खेळाडूंचा. प्रत्यक्षात जेमतेम 60 वेळा फलंदाजीला आलेल्याला रोज उतरवलं, तर त्याची नशिबाने फुगलेली सरासरी वर्षभर टिकते. त्याच्या संधी खऱ्या आकड्याहून फार तर 10 टक्के वाढू द्या.