हिरवा पडलेला स्विमिंग पूल पुन्हा निळा करताना

अलिबाग, कर्जत किंवा लोणावळ्याकडच्या बंगल्याला जूनमध्ये कुलूप लावून ते गणपतीनंतर उघडणाऱ्या मंडळींना अंगणातला पोहण्याचा तलाव बहुधा हिरवागारच भेटतो. वीज गेली, पंप बंद पडला, पावसाने उरलासुरला क्लोरीन पातळ केला आणि आंब्या-फणसाचा पाला तळाशी कुजत राहिला, की शेवाळाला आठवडाही पुरतो. असे पाणी पाहिल्यावर पहिला विचार येतो तो तलाव उपसून नव्याने भरण्याचा. पावसाळ्यात आणि त्यानंतरचा महिनाभर तरी तो विचार दूर ठेवावा. कोकणात या दिवसांत विहिरी काठोकाठ असतात, म्हणजेच जमिनीतले पाणी तलावाच्या तळापेक्षा बरेच वर आलेले असते. आतल्या पाण्याचे वजन निघून गेले की बाहेरचे पाणी खालून दाब देते, फरशा उखडतात, तळाला भेगा जातात आणि फायबरचा तलाव तर अख्खा वर उचलला जाऊ शकतो. आहे तेच पाणी चार दिवस ते आठवडाभराच्या मेहनतीने सुधारता येते.

आधी हे शेवाळच आहे ना, याची खात्री करून घ्यावी. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडात धरले असता ते गढूळ हिरवे दिसले आणि तलावाची भिंत बोटाला बुळबुळीत लागली, तर शंका नको. पाणी पारदर्शक असूनही हिरवट छटा असेल, विशेषतः बोअरवेलचे पाणी क्लोरीन पडताच रंग बदलत असेल, तर तो लोहाचा किंवा तांब्याचा प्रताप असतो आणि त्यावर आणखी क्लोरीन ओतल्यास फरशांवर डाग बसतात. पुढची कृती केवळ शेवाळासाठी आहे.

औषधाचे प्रमाण ठरवण्यासाठी तलावात किती पाणी मावते हे ठाऊक हवे. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून त्यांच्या गुणाकाराला १००० ने गुणले की लिटर मिळतात. तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १.२ आणि दुसऱ्या टोकाला १.६ मीटर खोल असेल, तर सरासरी खोली १.४ मीटर आणि पाणी सुमारे ४५ हजार लिटर भरते. हा आकडा पंपघराच्या भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा. राखणदार बदलला तरी भिंत बदलत नाही.

औषधाच्या आधी जाळीने पाला काढावा, आणि तो जमेल तितका सगळा काढावा, कारण कुजणारे प्रत्येक पान शेवाळासाठी टाकलेला क्लोरीन स्वतःच खाऊन टाकते. काम काठावरूनच करावे. तळ दिसत नसलेल्या पाण्यात कोणी घसरून पडल्यास तो वरून दिसतसुद्धा नाही, म्हणून तलाव स्वच्छ होईपर्यंत मुलांना त्या बाजूला फिरकू देऊ नये. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या, टोपलीत हात घालण्यापूर्वी झाकण काढून आत नीट पाहावे. तिथे बेडूक नेहमीच असतात आणि कधीकधी त्यांच्या मागावर आलेला पाहुणाही असतो.

आता पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे तो आकडा, तपासावा. हे क्लोरीन टाकण्याआधीच करायचे, कारण पाण्यात क्लोरीन फार वाढला की पीएच मोजायच्या थेंबांचा रंग फसवा येतो. पीएच ७.२ ते ७.४ असावा. ८ पीएचच्या पाण्यात क्लोरीनचा जेमतेम चौथा हिस्सा जोरकस रूपात असतो, तर ७.२ ला तोच हिस्सा दोन तृतीयांशांच्या घरात जातो. एकाच कॅनचे काम दुपटीहून अधिक होते. पीएच उतरवण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड वापरतात. ते बादलीभर पाण्यात थोडे थोडे सोडावे, ॲसिडवर पाणी कधीही ओतू नये, आणि पंप चालू असताना ते मिश्रण खोल बाजूला पसरून टाकावे. तासाभराने पुन्हा मोजावे.

खरे काम क्लोरीनचे आहे, आणि बहुतेकांचा पैसा इथेच वाया जातो. बाजारात तीन प्रकार सहज मिळतात. पहिला म्हणजे कॅनमधून येणारा द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइट, ज्यात ताजा असताना १० ते १२ टक्के क्लोरीन असतो; उन्हात ठेवलेला कॅन मात्र भराभर निकामी होतो, म्हणून दुकानात तारीख पाहूनच तो घ्यावा. दुसरी ग्रामपंचायतीच्या टाकीत वापरतात ती टीसीएल पावडर, म्हणजे ब्लीचिंग पावडर. तिच्यात ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन आणि बाकी बराचसा चुना असल्यामुळे तिने पाणी गढूळ होते आणि पीएच चढतो. तिसऱ्या म्हणजे टीसीसीएच्या (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिडच्या) पांढऱ्या गोळ्या. या गोळ्या रोजच्या वापरासाठी सोयीच्या असल्या तरी हिरव्या पाण्यावर त्यांचा उपयोग करू नये. त्या हळू विरघळतात, आणि प्रत्येक गोळीबरोबर पाण्यात सायन्युरिक ॲसिड साचत जाते. थोड्या प्रमाणात ते क्लोरीनला उन्हापासून जपते, पण प्रमाण वाढले की क्लोरीनला बांधूनच ठेवते. ते औषधाने सहजी निघत नाही, पाणी बदलूनच कमी होते. वर्षानुवर्षे गोळ्यांवर चालवलेल्या तलावात ‘कितीही क्लोरीन टाका, पाणी हिरवेच’ अशी जी तक्रार असते, तिचे मूळ बहुधा इथे सापडते. म्हणून सायन्युरिक ॲसिडही मोजून घ्यावे आणि त्या आकड्याच्या सुमारे ४० टक्के इतका क्लोरीन पाण्यात टिकवावा: ते ३० पीपीएम (म्हणजे लिटरमागे ३० मिलिग्रॅम) असेल तर क्लोरीन १२, ५० असेल तर २०. ते १०० च्या वर गेले असेल, तर भूजल खाली जाण्याची वाट पाहून थोडे थोडे पाणी बदलणेच श्रेयस्कर.

हिशेब सोपा आहे. १० टक्क्यांचा एक लिटर हायपोक्लोराइट १० हजार लिटर पाण्यात १० पीपीएम क्लोरीन आणतो. आपल्या ४५ हजार लिटरच्या तलावाला १२ पीपीएमसाठी साडेपाच लिटरच्या आसपास लागतील. औषध सूर्यास्तानंतर टाकावे, कारण दिवसा उन्हानेच त्याचा मोठा भाग उडून जातो. एक गोष्ट मात्र अक्षरशः जिवावर बेतणारी आहे: टीसीसीएच्या गोळ्या आणि टीसीएल पावडर एकमेकींत मिसळल्यास भडका उडू शकतो, आणि कोणताही क्लोरीन ॲसिडला लागला की विषारी वायू सुटतो. प्रत्येकासाठी वेगळे माप आणि वेगळी बादली ठेवावी, आणि ॲसिडचा कॅन क्लोरीनच्या खोलीत ठेवूच नये.

औषध टाकल्यानंतर ब्रश हाती घ्यावा. शेवाळ स्वतःभोवती बुळबुळीत थर धरून राहते आणि तो फुटल्याशिवाय क्लोरीन आत पोहोचत नाही. काचेच्या मोझॅकवर नायलॉनचा ब्रश चालतो, तारेचा चालत नाही. सपाट भिंतीपेक्षा शिडीच्या मागे, दिव्यांच्या कडेला, पायऱ्यांच्या कोपऱ्यांत आणि फरशांच्या सांध्यांत जास्त वेळ द्यावा. काठावरून पाणी सांडणाऱ्या ओव्हरफ्लो प्रकारच्या तलावात काठाचा पन्हाळ आणि ते सांडलेले पाणी जमते तो बॅलन्सिंग टँकही घासून घ्यावा. वरचा तलाव लख्ख करून ही टाकी तशीच सोडली, तर पंधरा दिवसांत हिरवा रंग परत येतो; हे मी दोनदा अनुभवले आहे.

पहिल्या रात्री टाकलेला क्लोरीन सकाळपर्यंत बहुतेक संपलेला असतो, याने खचून जाऊ नये. पुन्हा मोजावे, तूट भरून काढावी, पुन्हा घासावे. पहिले दोन-तीन दिवस हे दिवसातून दोन-तीन वेळा करावे लागते. मोजताना डीपीडीचे, म्हणजे क्लोरीन असल्यास नमुना गुलाबी करणाऱ्या औषधाचे, संच वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की क्लोरीन फार जास्त असला तर गुलाबी रंग येऊन लगेच उडतो आणि नळी कोरी दिसते. ती कोरी नळी पाहून ‘क्लोरीनच नाही’ असे समजू नये. नमुन्यात साधे पाणी मिसळून पुन्हा पाहावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हिरवा रंग जाऊन पाणी राखाडी-पांढुरके होते. शेवाळ मेल्याची ही खूण आहे, आणि इथून पुढे भार गाळणीवर येतो.

पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. वाळूच्या फिल्टरवरचा दाब स्वच्छ असतानाच्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआयने (दाबमापकावरचे एकक) वाढला की बॅकवॉश करावा, म्हणजे पाणी उलटे सोडून वाळू धुवावी, फिल्टरवरच्या काचेतून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत तो चालू ठेवावा आणि नंतर मिनिटभर रिन्स देऊन, म्हणजे पाणी सुलट सोडून, वाळू खंगाळावी. फिल्टरवरच्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवताना पंप बंद असलाच पाहिजे. हे पाणी विहिरीकडे, ओढ्यात किंवा बागेत जाऊ देऊ नये. शक्य तर खड्ड्यात साठवून दोन-तीन दिवस उन्हात राहू द्यावे.

पाहुणे यायचे आहेत आणि पांढुरकेपणा हटत नाही, अशा वेळी तुरटीचा जुना उपाय कामी येतो. पीएच ७.५ च्या जरा वर आणून दर हजार लिटरला ४० ते ५० ग्रॅम तुरटी विरघळवून टाकावी, व्हॉल्व्ह ‘रीसर्क्युलेट’वर ठेवून (म्हणजे फिल्टर वगळून) दोन तास पाणी फिरवावे आणि रात्रभर पंप बंद करावा. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने अगदी सावकाश, व्हॉल्व्ह ‘वेस्ट’वर ठेवून बाहेर काढावा, फिल्टरमधून नेल्यास वाळू चिकटते. तुरटीने पीएच उतरतो, तो नंतर सावरून घ्यावा.

पाणी निळे दिसले म्हणजे काम संपले, असे धरू नये. सूर्यास्तानंतर क्लोरीन मोजावा आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढण्यापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, तेव्हा रात्रभरात घटलेला क्लोरीन कोणीतरी खाल्लेलाच असतो. ही घट १ पीपीएमहून अधिक असेल, तर पाण्यात अजून जिवंत शेवाळ आहे. आणखी एक-दोन दिवस तीच पातळी राखावी. घट थांबली, तळाची जाळी स्पष्ट दिसू लागली आणि क्लोरीन ३ पीपीएमच्या आसपास उतरला, की तलाव पोहण्यासाठी उघडावा.