किल्ली कोणाकडे राहणार? गावातल्या शिक्षणकामात नव्याने येणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, झाली की आपल्याकडच्या बऱ्याच पोरांना पहिली नोकरी कुठल्या तरी संस्थेत 'तालुका समन्वयक' म्हणून लागते. माझंही तसंच झालं. 2018 च्या जूनमध्ये परभणीहून बॅग उचलली आणि बीड जिल्ह्यात, धारूरच्या डोंगरात येऊन पडलो. नियुक्तीपत्रात काम एका ओळीत लिहिलं होतं : 'स्थानिक संस्थांच्या समन्वयातून शिक्षणपूरक उपक्रम उभे करणे.' वाचताना भारदस्त वाटलं. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की गावात संस्था किती आणि कोणत्या, हेच आपल्याला ठाऊक नाही.

ग्रामपंचायत आणि झेडपीची शाळा दिसतातच. बाकीच्या हळूहळू सापडल्या. रंग उडालेल्या पाटीचं ड वर्गाचं सार्वजनिक वाचनालय. 'उमेद' या सरकारी अभियानातल्या बायकांच्या बचत गटांचा ग्रामसंघ. शाळा व्यवस्थापन समिती, जिच्यात कायद्याने तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असायला हव्यात आणि कागदावर असतातच. तालुक्याच्या कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना (रासेयो), जिचं हे दत्तक गाव. भजनी मंडळ, गणपती मंडळ आणि सगळ्यात वजनदार म्हणजे हरिनाम सप्ताहाची कमिटी. प्रत्येकाचा अध्यक्ष वेगळा, प्रोसिडिंग बुक वेगळं. गाव चारशे उंबऱ्यांचं, तरी एकमेकांच्या दारात जाणं नाही.

त्यात गाव ऊसतोडीचं. दसरा झाला की टोळ्या हलतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेऊन खर्चलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. दोघंही गेली की घरात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी लेकरं उरतात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत, गाव अर्धं रिकामं. मागं राहिलेल्या लेकरांसाठी शाळा व्यवस्थापन समिती हंगामी वसतिगृह चालवते. नाव वसतिगृह असलं तरी आमच्या गावात लेकरं आजी-आजोबांकडेच झोपत आणि दोन वेळचं जेवण तिथं घेत. जेवणाची सोय अशी झाली होती. संध्याकाळी पाच ते आठ ही लेकरं कुठं बसणार, काय वाचणार, त्याची सोय कोणाकडेच नव्हती. माझं काम तिथं होतं.

मी पहिली चूक केली ती संयुक्त बैठकीची. तालुक्याला एका हॉटेलचा हॉल घेतला, फ्लेक्स छापला. वर आमच्या संस्थेचा लोगो, त्याखाली पैसे देणाऱ्या कंपनीचा आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरांत 'सहकार्य' म्हणून गावातल्या चार संस्थांची नावं. वाचनालयाचे अध्यक्ष आले, फ्लेक्सपुढे उभे राहून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि चहा न घेता निघून गेले. पुढचे तीन आठवडे वाचनालयाची किल्ली काही मिळाली नाही. कधी शिपाई बाहेरगावी, कधी किल्ली अंबाजोगाईला राहिलेली.

शेवटी मी अध्यक्षांच्या घरी गेलो. गावात त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, पाऊसपाण्याचं विचारलं आणि मग म्हणाले, "तुमच्या फ्लेक्सला आमचं वाचनालय लागतंय, ते कळलं. पर आमच्या वाचनालयाला तुमी कशाला लागताव, ते सांगा की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा 'शाश्वत विकास' वगैरे काहीतरी बोललो, ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. पण त्या एका प्रश्नावर माझी पुढची सहा वर्षं निघाली. नव्याने येणाऱ्यांनी एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ : कोणाकडे काही मागायला जाण्याआधी, त्या संस्थेला वर्षाकाठी कुठलं रजिस्टर भरून दाखवावं लागतं, ते शोधा.

अण्णांचंच घ्या. सार्वजनिक वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं ते 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली, अ ते ड अशा वर्गांप्रमाणे. ड वर्गाचं अनुदान इतकं तुटपुंजं की त्यात वर्तमानपत्रं आणि ग्रंथपालाचं मानधन भागवताना जीव जातो. तरी तपासणी चुकत नाही. सभासद किती, पुस्तकांची देवघेव किती, दाखल केलेली पुस्तकं कपाटात आहेत का, हे सगळं बघतात. आमच्या वाचनालयात काही वर्षांची पुस्तकं गठ्ठ्यातून सोडलेलीच नव्हती. देवघेवीच्या रजिस्टरात तीच ती बारा नावं, एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात.

दुसरीकडे कॉलेजच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना वेगळीच चिंता. रासेयोच्या विद्यार्थ्याला वर्षाला 120 तास काम दाखवायचं असतं आणि वर सात दिवसांचं विशेष शिबिर. शिबिर लागतं जानेवारीच्या सुमाराला, म्हणजे नेमकं गाव रिकामं असताना. त्यामुळे दरवर्षी तीच प्रभातफेरी, तोच शोषखड्डा. मी सरांना म्हटलं, यंदा फेरी एकच काढू, उरलेले दिवस पोरं वाचनालयात बसतील. सात दिवसांत गठ्ठे सुटले, पुस्तकांवर नंबर पडले, रजिस्टर चालू तारखेपर्यंत आलं. एक पोरगी खाली बसून कापडाच्या बाइंडिंगची जुनी पुस्तकं पुसत होती, मध्येच म्हणाली, "सर, यातल्या काहींवर उर्दू शिक्का हाय." निजामाच्या राज्यात खासगी शाळा काढायलाही परवानगी लागायची आणि वाचनालय, व्यायामशाळा, गणेशोत्सव यांच्या आडोशानेच माणसं जमायची, हे आम्ही पुस्तकात शिकलो होतो. शिक्का कोणाचा ते आमच्यात कोणाला वाचता येईना. अण्णांनी मात्र ती पुस्तकं वेगळी काढून स्वतःच्या हाताने वरच्या कप्प्यात ठेवली. त्या संध्याकाळी किल्ली मिळाली.

ग्रामसंघाचं दुखणं जागेचं होतं. महिन्याची बैठक मारुतीच्या पारावर, पाऊस आला की रद्द. बायकांना वाचनालयाचा हॉल दिला, बदल्यात त्यांच्या सीआरपी ताईंनी, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच बाईंनी, घरोघर फिरून मागं राहिलेल्या लेकरांची यादी करून दिली. त्या यादीत, शाळेच्या पटावर असूनही दिवाळीपासून न आलेली अकरा नावं होती. मुख्याध्यापकांना ती यादी हवीच होती, कारण बाहेर जाणाऱ्या लेकराला शिक्षण हमी पत्रक द्यायचं असतं. ते दाखवून लेकराला कारखान्याजवळच्या शाळेत बसता यावं, ही त्यामागची सोय. पण पत्रक वेळेत हातात पडायचं तर कोण कधी निघणार हे आधी कळायला हवं. मुकादम शिक्षकाला सांगत नाही. बायका एकमेकींना सांगतात.

आता ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते. हॉल मिळाला, लेकरं आली, शिकवायला बारावी झालेल्या दोन पोरी आणि एक डीएड झालेला पोरगा तयार झाला. पहिला महिना झकास गेला. दुसऱ्या महिन्यात रोज एकच रड, उघडणार कोण? पोरगा भरतीच्या तयारीला गेला, एका पोरीला बघायला पाहुणे आले. सात वाजता तीस लेकरं कुलपापुढे बसलेली. मी कार्यालयातून वेळापत्रकाचा छापील तक्ता आणला, रंगीत. तो भिंतीवर छान दिसायचा, एवढंच.

एक दिवस सप्ताह कमिटीचे विठ्ठलमंदिरातले मामा हॉलमध्ये आले. सतरंज्या त्यांच्याच होत्या, त्या मोजायला. तक्ता बघून म्हणाले, "ह्यात माणूस आला न्हाई तर म्होरं काय?"

मी म्हटलं, "मग दुसऱ्याला फोन करायचा."

"आमच्याकडं फोन करायची येळच येत न्हाई."

ज्यांनी अखंड हरिनाम सप्ताह बघितलाय त्यांना सांगायला नको. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा खाली टेकवायची नसते. त्यासाठी पहाऱ्याची यादी असते : दोन-दोन तासांचा पहारा, प्रत्येक पहाऱ्याला नावं ठरलेली. खरी गोम अशी की वीणा ज्याच्या गळ्यात आहे तो पुढचा माणूस येईपर्यंत हलतच नाही. न आलेल्याचा भार घरी बसलेल्यांवर पडत नाही, तो उभ्या असलेल्यावर पडतो; मग तोच आधीपासून पोरगं धाडून पुढच्याला बोलावून घेतो.

आम्ही तेच उचललं. रंगीत तक्ता काढला, मंदिरात असतो तसा काळा फळा लावला, खडूने नावं. किल्ली कुठल्या खिळ्याला किंवा कोणा एकाच्या घरी ठेवायची नाही. आज ज्याचा पहारा त्याने उद्याच्या माणसाच्या हातात नेऊन द्यायची. उद्याचा माणूस नाही भेटला तर उद्याही उघडायचं आपणच. यादीत ग्रामसंघाच्या बायका आल्या, भजनी मंडळातले दोघे, निवृत्त पोस्टमन आणि स्वतः अण्णा. शिकवणं येत नसलं तरी चालेल, उघडून बसायचं आणि आठच्या आत लहान पोरी घरी पोचल्या ना ते बघायचं. त्या वर्षी पट्टा पडेपर्यंत हॉल मोजून चार दिवस बंद राहिला आणि त्यातला एक दिवस गावात मयत झाली म्हणून.

हे मला कुठल्याही प्रशिक्षणात कोणी सांगितलं नव्हतं. लातूर-धाराशिवकडच्या जुन्या कार्यकर्त्यांशी बोलताना मात्र असंच काहीतरी ऐकायला मिळालं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्बांधणीत गावोगावच्या बायकांना 'संवाद सहायक' म्हणून कामाला लावलं होतं. घर कसं बांधतायत, सिमेंट कुठं अडलंय, हे लोकांना समजावून सांगायचं आणि सरकारकडं पोचवायचं. तुमच्या भागात असं कोणी असेल तर त्यांच्याकडे जाऊन बसा. पॉवरपॉइंटपेक्षा जास्त मिळतं.

पैशांचं थोडक्यात. आमच्या प्रकल्पात 'शैक्षणिक साहित्य' या खात्यावर भरपूर पैसे होते, विजेच्या बिलाला खातंच नव्हतं. वाचनालय म्हणालं आमचा वापर दिवसाचा, शाळा म्हणाली मीटर आमचं नाही, ग्रामपंचायतीने पुढच्या बैठकीत बघू म्हणून सहा बैठका काढल्या. शेवटी बिल भरलं सप्ताहाच्या उरलेल्या वर्गणीतून. म्हणून काम सुरू करताना पहिल्याच चर्चेत बिल, झाडू, बल्ब आणि फुटलेली काच कोणाची, हे बोलून घ्या. तेव्हा जो गप्प बसतो तो पुढंही गप्पच बसणार. आणि स्टँप पेपरवरच्या सामंजस्य कराराच्या मागे लागू नका, सही करायला माणसं बिचकतात. त्यापेक्षा प्रत्येक संस्थेच्या प्रोसिडिंगमध्ये एकेक साधा ठराव घ्यायला लावा, सूचक-अनुमोदकाच्या नावासह. अध्यक्ष बदलला तरी तो ठराव राहतो.

फसलेलंही सांगतो. नवभारत साक्षरता कार्यक्रमात आम्ही हौसेने उतरलो. पंधरा वर्षांवरच्या असाक्षरांची नोंदणी शाळेमार्फत, शिकवणारे स्वयंसेवक बिनमानधनाचे. ग्रामसंघातल्या बायका पावसाळ्यात रोज बसल्या. बँकेच्या स्लिपवर अंगठ्याऐवजी सही करायची हे त्यांचं स्वतःचं टुमणं होतं. परीक्षा लागली 17 मार्च 2024 ला, 150 गुणांची. वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी 50. त्या दिवशी आमच्या निम्म्या बायका फडात होत्या. एकीने कर्नाटकातून फोन केला, "दादा, माझा पेपर मागं ठेवता येतोय का?" नाही ठेवता येत. यात कोणा एकाचा दोष काढता येणार नाही, पण हंगामाचं कॅलेंडर मला तोंडपाठ असताना मी त्यांना दसऱ्याआधी एवढंही सांगितलं नव्हतं की परीक्षा तुम्ही नसताना लागू शकते. सही मात्र त्या करतात.

नोकरीबद्दल विचारणारे फोन येतात म्हणून तेही. पगार कमी असतो आणि प्रकल्पाच्या मुदतीइतकाच असतो. मुलाखतीत पैसे कोणाचे आणि कुठल्या महिन्यापर्यंत, हे न लाजता विचारा. एका ठिकाणी मला पाच महिने प्रवासभत्ता मिळाला नव्हता, लॉगबुकात किलोमीटर जुळत नाहीत म्हणून. डोंगरातला रस्ता नकाशात सरळ दिसतो. तेव्हापासून रोज गाडीच्या मीटरचा फोटो काढतो. डिग्री कुठलीही चालते, पण हिशेब लिहिता आला पाहिजे आणि म्हाताऱ्या माणसाचं बोलणं मध्ये न तोडता ऐकता आलं पाहिजे. नावाने हाक मारायची घाई करू नका. मामा, मावशी, अण्णा, ताई यांतलं गाव ज्याला जे म्हणतं तेच म्हणा. पहिल्या महिन्यात फ्लेक्स छापू नका.

2024 च्या उन्हाळ्यात प्रकल्प संपला आणि मी जालन्याला दुसऱ्या कामावर आलो. मागच्या हिवाळ्यात काही कामाने तिकडं गेलो तेव्हा संध्याकाळी सातला मुद्दाम वाचनालयाकडे वळलो. कुलूप. मनात चर्र झालं. समोरच्या टपरीवाल्याने सांगितलं, आता सकाळी सहाला उघडतंय, दोन महिन्यांचं बिल थकलंय म्हणून दिवसाउजेडी बसतेत. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. फळ्यावरच्या नावांतली निम्मी मला अनोळखी. दारात नववी-दहावीतली एक मुलगी बसली होती, गळ्यात दोरीला किल्ली. मी चप्पल काढून आत पाऊल टाकलं तसं तिने रजिस्टर पुढं सरकवलं.

"नाव, गाव, वेळ. आन् सही पूर्ण करा, नुसती रेघ नको. तपासणीला चालत न्हाई."