मिरगाच्या आत मोकळी करायची परसबाग

फेब्रुवारीतल्या एखाद्या सकाळी वाफ्यांतून नुसतं फिरून यायचं आणि कुठलं तण कुठे आहे ते वहीत मांडायचं. नागपुरात गाजर गवत, हरळी आणि लव्हाळा हे तिघं बहुधा असतातच. गाजर गवत बियांवर पसरतं; एका झाडाला दहा हजारांवर बिया धरतात. हरळी जमिनीखालच्या कांड्यांवर जगते, लव्हाळा गाठींवर. म्हणून तिघांची तयारी वेगळी. कुंपणाला घाणेरी चढली असेल तर तीही लिहा, पण तिचा नंबर शेवटी.

सामान थोडकंच: खुरपं, विळा, सब्बल, फावडं, दोन घमेली, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि तोंडाला बांधायला दुपट्टा. गाजर गवताने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, परागांनी दमाही उसळतो. पायांत गमबूट हवेतच. गवत कमरेएवढं वाढलं की खाली उंदीर येतात आणि उंदरांमागे साप, तेव्हा काठी आपटतच आत शिरायचं. पॉवर टिलर भाड्याने आणायचा मोह होईल. हरळी असेल तर नकोच, कारण पात्याने तुटलेला एकेक कांडा नव्याने फुटतो. तणनाशकालाही भाजीच्या वाफ्यात माझा नकार आहे. २,४-डी या तणनाशकाचे तुषार वाऱ्याने आले तरी शेजाऱ्याची टमाटी वाकडी होतात.

गाजर गवत फुलायच्या आत मुळासकट उपटलं तर खतखड्ड्यात चालतं. पांढरी फुलं दिसली की ते पोत्यात भरून वेगळं ठेवायचं, खड्ड्यात टाकायचं नाही. पावसाळ्यात त्याच्या पानांवर मळकट पांढरे, तपकिरी रेघांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका. हे तण खातात म्हणूनच १९८०च्या दशकात ते मेक्सिकोहून आणले गेले.

मार्चमध्ये हरळी-लव्हाळ्याची खणाई. आपली काळी माती वाळली की दगड आणि ओली असली की चिखल, त्यामुळे आदल्या दिवसांत पाणी सोडून वाफसा, म्हणजे ना चिखल ना दगड अशी बेताची ओल, येऊ द्यायचा. वीतभर खोल खणायचं, ढेकळं हाताने फोडायची आणि कांड्या-गाठी वेचून फरशीवर उन्हात टाकायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्या तयारीत घाई चालत नाही ती इथेच.

मग एप्रिल-मे. पारा ४५ च्या आसपास जातो, त्या उन्हाला कामाला लावायचं. वाफा सपाट करून भरपूर भिजवायचा आणि वर पातळ पारदर्शक प्लास्टिक, २५ ते ५० मायक्रॉनचं, मातीला चिकटवून अंथरायचं. कडा चरात पुरायच्या आणि चार ते सहा आठवडे हात लावायचा नाही. काळं प्लास्टिक आणू नका, ते स्वतःच तापतं. माती तापवायला पारदर्शकच लागतं. मांजरं-कुत्री नखांनी फाडतात, म्हणून चिकटपट्टी जवळ असू द्या. वरच्या थरातल्या बऱ्याच बिया यात मरतात, खोलवरच्या लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाचतात. प्लास्टिक काढल्यावर पुन्हा खोल खणलं तर खालच्या जिवंत बिया वर येतील, म्हणून नुसतं वरवर खुरपायचं.

शेणखत आत्ताच ठरवून ठेवा आणि पूर्ण कुजलेलंच घ्या. कच्च्या शेणातून तणाच्या बिया फुकटात येतात. ट्रॉलीभर माती मागवत असाल तर ती कुठल्या वावरातून उचलली तेही विचारा.

मिरगाचा पाऊस पडला की स्वच्छ झालेल्या वाफ्यात बरबटी (चवळी) दाट पेरा, ती जमीन झाकते. मोकळ्या जागी पाचोळा घाला. पहिल्या पावसात तरोटा (टाकळा) उगवेल, त्याला मात्र लगेच विळा लावू नका. कोवळ्या पानांची भाजी करून मगच उपटा. लव्हाळा होता तो वाफा यंदा सांबाराला (कोथिंबिरीला) किंवा वांग्याला देऊ नका. तिथे पावसाळाभर दर आठवड्याला खुरपं फिरलं पाहिजे. पात वर आली की कापायची, म्हणजे गाठीतला साठा संपत जातो. दिवाळीच्या सुमारास तिथे नवीन पात येणं बंद झालं, तरच मेथी टाका.