कोकणातल्या घरावर सोलर बसवताय? आधी बिलं काढा, मग छपरावर चढू

मी वायरमन. दापोली-मंडणगड भागात घरांची फिटिंगं करतो. हल्ली नुसता पंखा टांगायला गेलो तरी चहासोबत प्रश्न येतोच, "सोलर कुठल्या कंपनीचं घेऊ?" कंपनीचं नंतर बघू. आधी मला सांगा, बिल कमी करायचंय, की लाइट गेल्यावर पंखा फिरायला हवाय?

साधी ऑन-ग्रिड सिस्टिम, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेली, लाइट गेली की बंद पडते, डोक्यावर कितीही ऊन असो. ती मुद्दामच तशी बनवलेली असते. तुमच्या छपरावरची वीज उलटी लाइनमध्ये शिरली तर खांबावर चढलेल्या माणसाचा जीव जाईल. विकणारा हे आपणहून सांगेलच असं नाही. लाइट नसतानाही सोलर चालायला हवं असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च चांगलाच चढतो. माझं मत विचाराल तर घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तो तसाच ठेवा आणि छपरावर ऑन-ग्रिड बसवा. दोन-चार तास लाइट गेली तर तेवढ्यावर भागतं. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर इकडे कित्येक दिवस अंधार होता, तसल्या वेळेला ते पुरणार नाही हे खरं. घरात ऑक्सिजनचं मशीन लागणारं माणूस असेल तर मात्र पैशाकडे न बघता हायब्रिड घ्या.

आता किती किलोवॅट? गेल्या बारा महिन्यांच्या बिलांतली युनिटं मिळवा. एका किलोवॅटमागे वर्षाला साधारण 1,300 ते 1,400 युनिट धरा. उन्हाळ्यात रोजची चार-पाच पडतात, भर जुलैत दोन मिळाली तरी खूप. म्हणजे वर्षाचा वापर 2,600 च्या आसपास असेल तर 2 किलोवॅट बास. नेट मीटर म्हणजे आत आलेली आणि बाहेर गेलेली दोन्ही युनिटं मोजणारा मीटर. त्यावर जास्तीची युनिटं पुढच्या महिन्याला जमा राहतात आणि हिशेब एप्रिल ते मार्च चालतो. आपल्याला हे फार सोयीचं, कारण एप्रिल-मेचं ऊन पावसाळ्याच्या बिलात वळतं होतं. मार्चअखेर उरलेल्या युनिटांना मात्र किरकोळ भाव मिळतो. म्हणून "मोठी बसवा, वीज विकून कमवा" म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा. आणि घर फक्त गणपती, शिमगा आणि मे महिन्यात उघडत असेल तर सोलरच्या फंदात पडू नका.

केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये सबसिडी आहे. 3 किलोवॅटला 78,000, त्यावर कितीही मोठी घेतलीत तरी तेवढीच. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचं, म्हणजे डीसीआर, असायला हवं. लाइनला न जोडलेल्या ऑफ-ग्रिड सिस्टिमला ही सबसिडी नाही. आणखी एक. इकडे निम्म्या घरांचे मीटर अजून आजोबांच्या नावावर, आणि आजोबा कधीच गेलेले. अर्ज मीटरवरच्या नावाने होतो, तेव्हा आधी नावबदल करून घ्या. पोर्टलवर नोंदणीला मोबाइल नंबर आपला द्या, एजंटाचा नको.

मग छप्पर. एका किलोवॅटला शंभरेक चौरस फूट जागा लागते, आणि तोंड दक्षिणेला. खरी अडचण माडांची. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असतो, स्लॅब मोकळा दिसतो, माणूस खूश. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो आणि त्याच माडाची सावली स्लॅबभर पसरते. म्हणून शक्यतो डिसेंबरात सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीची कड खडूने आखून ठेवा. त्या रेघांच्या आत पॅनेल नको. एका पॅनेलवर सावली आली तरी सगळी रांग मार खाते. पाण्याच्या टाकीचंही तेच. माडाखाली तर बसवूच नका, एक नारळ पडला की काच गेली. कौलारू घर असेल तर कौलांवर चढवण्यापेक्षा परड्यात उन्हाची जागा बघून लोखंडी मांडव घाला. माकडं तिथेही येतात, पण निदान कौलं फुटत नाहीत.

पैसे वाचवायचे तर कशावरही वाचवा, स्ट्रक्चरवर नको. खाऱ्या हवेत रंग मारलेलं लोखंड टिकत नाही. हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले पाइप आणि स्टेनलेसचे नट-बोल्ट हवेत. स्लॅबला थेट भोकं पाडू देऊ नका, पहिल्या पावसातच गळती लागेल. काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यात पाय बसवायला सांगा. खाली बसायला जागा हवी म्हणून आठ-दहा फूट उंच स्ट्रक्चर मागतात लोक. दिसतं छान, पण जितकं उंच तितका वारा जास्त.

कोटेशनवर पॅनेलचं मॉडेल आणि वॉट, इन्व्हर्टरची वॉरंटी, तांब्याच्या केबलची जाडी, आणि पाच वर्षं देखभाल कोण करणार, हे लेखी घ्या. अर्थिंग तीन वेगवेगळी हवीत: एक पॅनेलच्या बाजूचं, एक घराच्या बाजूचं, एक आभाळातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचं. जांभ्या खडकात खड्डा मारायचा कंटाळा येतो, म्हणून एकातच तिन्ही गुंडाळणारे भेटतात. खड्डे मारताना स्वतः समोर उभे राहा.

नेट मीटर लागला की त्याच दिवशी आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या युनिटांच्या आकड्यांचा फोटो काढा. पहिलं बिल आलं की ताडून बघा, आणि जुळलं नाही तर तो फोटो घेऊन त्याच आठवड्यात महावितरणच्या कचेरीत जा.