भाड्याच्या घरावर वाढीव कर्ज मिळवताना

भाड्याने दिलेल्या घरावरचे जुने कर्ज फेडून त्याच घरावर मोठे कर्ज घ्यावे आणि वरची रक्कम हाती यावी, यासाठी मी तीन ठिकाणी केलेले अर्ज फेटाळले गेले. त्यामागचे कारण चौथ्या ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी भाडेकराराच्या शेवटच्या पानावर बोट ठेवून दाखवले: कराराची मुदत दोन महिन्यांपूर्वीच संपली होती आणि निम्मे भाडे रोखीने येत असल्यामुळे खातेउताऱ्यात ते दिसतच नव्हते. मुळात कर्ज देणारी संस्था बहुधा पूर्ण भाडे उत्पन्नात धरत नाही. घर रिकामे राहण्याचा काळ आणि दुरुस्तीचा खर्च लक्षात घेऊन त्यातला काही भाग ती वगळते, मग जे कागदावरच नाही ते तिच्या हिशेबात येणार कसे? मी करार नव्याने केला, सहा महिने संपूर्ण भाडे खात्यात घेतले आणि त्यानंतरच पुन्हा अर्ज केला. घराचे मूल्यांकन अपेक्षेपेक्षा कमी आले, म्हणून कर्जाची मागणीही कमी केली. नवा हप्ता भाड्यातूनच भागला पाहिजे, असा माझा आग्रह असल्याने ते मला योग्यच वाटले. जुन्या कर्जाच्या मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क मात्र मी आधी विचारले नव्हते, आणि हाती येणाऱ्या रकमेतून ते वजा झाले.