पोलीस गाडीचं किट: कंपनीशी भांडण्याआधी या चुका टाळा

दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या पट्ट्यात स्केल मॉडेल, म्हणजे किटमधले सुटे भाग जोडून खऱ्या गाडीची छोटी प्रतिकृती, करणारे आम्ही मोजके पाच-सहा जण. भेटलो की एक वाद ठरलेला. अमेरिकन किट कंपन्या पुन्हा पुन्हा फोर्ड क्राउन व्हिक्टोरिया आणि डॉज चार्जर या पोलीस गाड्याच का काढतात? जपानी कंपन्यांना टोयोटा क्राउनच्या पलीकडे काही दिसत नाही का? परवा तर एकजण टेबलावर हात आपटून म्हणाला, "भाऊ, आपल्या ठाण्यातली बोलेरो काऊन नाई काढत हे लोक?"

प्रश्न रास्त आहे, मलाही तो सलतो. पण आमच्या हातून जेवढी पोलीस मॉडेलं बिघडली, त्यातलं एकही कंपनीने चुकीची गाडी निवडली म्हणून बिघडलं नाही. गाडी कोणतीही असो, तिला पोलिसांची गाडी बनवतात ते छतावरचे दिवे, चाकं, दारावरचे रंग आणि आत मागची सीट वेगळी करणारी जाळी. कंपनी हात आखडता घेते तो याच ठिकाणी, आणि आपण घाई करतो तीही इथेच.

खोक्यावर 'पोलीस' लिहिलंय म्हणून किट घेणं

सगळ्यात महागडी चूक ही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

प्लास्टिक किटचा पोलादी साचा बनवणं हा कंपनीचा सर्वांत मोठा खर्च. म्हणून बहुतेक वेळा साचा असतो साध्या गाडीचा. त्याच भागांसोबत लाइटबार (छतावरच्या दिव्यांची पट्टी), स्पॉटलाइट, पुढचा पुश बार हे भाग अडकवलेली एक छोटी प्लास्टिकची फ्रेम आणि डिकलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा, कागद टाकला की झालं पोलीस किट. एएमटी आणि एमपीसी ही किटची जुनी नावं आज राउंड टू या कंपनीकडे आहेत, लिंडबर्गचे जुने साचेही तिच्याचकडे गेले. रेव्हेल या दुसऱ्या किट कंपनीची अमेरिकन मालक कंपनी हॉबिको २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि रेव्हेल जर्मन गुंतवणूकदारांच्या हातात आलं. अशा धंद्यात जुना साचा पुन्हा वापरणं समजण्यासारखं आहे. फक्त खोकं नवं म्हणजे साचा नवा, असं धरून चालू नका.

क्राउन व्हिक्टोरियाचंच उदाहरण घ्या. ही गाडी १९९२ च्या मॉडेलपासून सप्टेंबर २०११ पर्यंत बनली, पण १९९८ च्या मॉडेलला तिची बॉडी बदलली. लिंडबर्गचं १/२५ किट (खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या हिश्श्याएवढं) बदलाआधीच्या गोलसर बॉडीचं आहे. त्यावर २००५ सालच्या एखाद्या पोलीस दलाचे डिकल लावले, तर काम कितीही सफाईदार असो, गाडी खोटीच दिसते. डिकल निवडण्याआधी बॉडीचं साल ठरवा.

चार्जरचा घोळ आत आणि चाकांत असतो. पोलिसांच्या चार्जरला गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर असतो, कारण दोन सीटांमधली जागा रेडिओ आणि संगणकाला लागते. साध्या गाडीवरून केलेल्या किटमध्ये मधला कन्सोल तसाच राहू शकतो. चाकं काळ्या पोलादी रिमची, मध्ये छोटी टोपी असलेली हवीत. किटमध्ये चकचकीत अलॉय निघाले तर मला फार वाईट वाटतं, कारण पोलीस गाडी दुरून ओळखू येते ती चाकांवरून. मागवण्याआधी दुकानदाराकडून फ्रेमचे फोटो मागा. खोक्यावरचं चित्र पाहून पैसे देऊ नका.

आणि सुपरकारच्या पोलीस किटवर चिडणाऱ्यांसाठी एक गोष्ट: जपानमधल्या तोचिगी प्रांताच्या पोलिसांकडे खरोखरच होंडा एनएसएक्सची गस्ती गाडी आहे. ती पोलिसांना मिळाली त्या काळी एनएसएक्स त्याच प्रांतात तयार होत होती. विचित्र दिसणारी प्रत्येक निवड कंपनीच्या मनातून आलेली नसते.

सगळ्या पोलिसांचे दिवे लाल-निळे समजणं

आपल्याकडे लाल-निळे दिवे पाहायची सवय, म्हणून हात तिकडेच वळतो. जपानी गस्ती गाडीचा दिवा फक्त लाल असतो. जर्मन गाडीचा निळा. अमेरिकेत राज्याराज्यांत फरक आहे, आणि कॅलिफोर्नियात समोर सतत पेटणारा एक लाल दिवा कायद्यानेच लागतो. आमच्यापैकी एकाने जपानी क्राउनचा अर्धा लाइटबार निळा केला होता. बाकी गाडी सुरेख झाली होती, पण तो भाग नव्याने मिळायला तीन महिने गेले.

दिवा रंगवायचा तो पारदर्शक रंगानेच. तामिया कंपनीच्या रंगांत एक्स-२७ म्हणजे पारदर्शक लाल आणि एक्स-२३ म्हणजे पारदर्शक निळा. रंग आतल्या बाजूने द्या, खाली चॉकलेटची चांदी लावा, म्हणजे उजेड पडल्यावर दिवा जिवंत वाटतो. चिकटवायला फेविक्विक चुकूनही वापरू नका. तिच्या वाफेने स्वच्छ प्लास्टिकवर पांढरं धुकं चढतं. साधा फेविकॉल पुरतो, वाळल्यावर तो जवळजवळ दिसत नाही आणि चूक झाली तर पाण्याने निघतो.

१/२४ आणि १/२५ चं भांडण

वाद यावर जितका होतो तितका त्यात अर्थ नाही. अमेरिकन कंपन्यांचा कल १/२५ कडे, जपानी आणि युरोपियन कंपन्यांचा १/२४ कडे. क्राउन व्हिक्टोरिया दोन्ही मापांत केली तर लांबीत जेमतेम ९ मिमीचा फरक पडतो. लाइटबार, स्पॉटलाइट, जाळी एका किटमधून दुसऱ्यात खुशाल वापरा. चाकं आणि आरसे मात्र बदलू नका, तिथे फरक दिसतो.

खारपाणपट्ट्यातल्या पाण्यात डिकल भिजवणं

ही चूक खास आपल्या भागातली, पुण्या-मुंबईचे लोक ती सांगणार नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यातलं बोअरचं पाणी खारं. त्यात डिकल भिजवला की वाळल्यावर कडेने पांढरी रेघ उमटते, आणि काळ्या दारावर तर ती लगेच डोळ्यांत भरते. मी दोन गाड्यांवर डिकलच्या डिंकाला दोष देत बसलो होतो. शेवटी बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटर आणलं आणि रेघ थांबली. एक बाटली कितीतरी मॉडेलांना पुरते. गाडी धुण्याचं शेवटचं पाणीही तेच घ्या.

जुन्या किटचा डिकल पाण्यात पडताच तुकडे तुकडे होत असेल, तर कागदावरच आधी क्लिअर लॅकरचा पातळ हात फिरवा, पूर्ण वाळू द्या आणि मग प्रत्येक चित्र कडेने कापा. पहिला प्रयोग नको असलेल्या अक्षरावर करा.

पट्टे रेडियमवाल्याकडून कापून आणायचा मोह प्रत्येकाला होतो. त्याचं व्हिनाइल साधारण ०.१ मिमी जाड असतं. १/२४ मध्ये ते खऱ्या गाडीवर सव्वादोन मिलिमीटरहून जाड पत्रा ठोकल्यासारखं दिसतं. त्याच व्हिनाइलचा स्टेन्सिल मात्र उत्तम होतो. रेडियमवाल्याला अक्षरं उलटी नको, पोकळ कापून द्यायला सांगा, तळहातावर दोनदा चिकटवून त्याचा डिंक कमी करा आणि मग रंग मारा.

मे महिन्यात दुपारी स्प्रे मारणं

अकोल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर गेला की स्प्रेचा थेंब गाडीवर पोचण्याआधी हवेतच वाळतो. पृष्ठभाग सँडपेपरसारखा खरखरीत होतो. उन्हाळ्यात पहाटे सहाच्या आत काम उरका. पावसाळ्यात उलटा त्रास: दमट हवेत लॅकर पांढुरकं पडतं. तसं झालं तर घासत बसू नका, कोरडा दिवस पाहून त्यावर एक पातळ हात द्या, बहुतेक वेळा ते सुधारतं.

काळी-पांढरी गाडी करताना आधी पांढरा, मग काळा. काळ्यावर पांढरा झाकायला पाच-सहा हात लागतात आणि दारांच्या फटी बुजून जातात. पांढऱ्या भागावर टेप लावल्यावर, काळा मारण्याआधी, तिच्या कडेवर पुन्हा एकदा पांढरा पातळ फवारा, म्हणजे जो रंग झिरपायचा तो पांढराच झिरपेल आणि काळ्याची कड सरळ येईल. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर प्लास्टिकला खातं, ते फक्त ब्रश धुवायला ठेवा.

आपली गाडी हवी, पण चुकीच्या किटवरून

जिप्सी करायची म्हणून बरेचजण हासेगावा या जपानी कंपनीचं १/२४ सुझुकी जिम्नी घेतात. घराणं एकच, हे खरं. पण त्या जपानी जिम्नीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २०३० मिमी, आपल्या जिप्सीचा २३७५. मॉडेलवर ही तफावत १४ मिमीहून जास्त. रुंदीतही ६ मिमी कमी पडतात, कारण ती जपानच्या छोट्या केई वर्गातली. बॉडी कापून वाढवायची तयारी असेल तरच या वाटेला जा.

बोलेरोसाठी माझं मत वेगळं आहे. ती सपाट, चौकोनी गाडी आहे, किटची वाट पाहण्यापेक्षा ती प्लास्टिकच्या शीटमधून कापणं सोपं. लांबी ३९९५ मिमी म्हणजे १/२४ मध्ये १६६ मिमी, व्हीलबेस २६८० म्हणजे जवळपास ११२ मिमी. तालुक्याच्या फ्लेक्सवाल्याकडे सनबोर्डचे (हलक्या फोमच्या पाट्यांचे) तुकडे उरतात, त्यांवर आधी कच्चा ढाचा करून पाहा. तो जमला की स्टायरीन, म्हणजे किटच्याच प्लास्टिकची, शीट मागवा. चाकं आणि लाइटबार एखाद्या अर्धवट किटमधून घ्या.

मापं घ्यायला ठाण्यासमोरच्या गाडीचे फोटो लपूनछपून काढू नका. ठाणेदार साहेबांना भेटा, हातात झालेलं एखादं मॉडेल न्या आणि परवानगी मागा. आमच्या मित्राने तसंच केलं. साहेबांनी फोटोला होकार दिला आणि ड्रायव्हरला बोलावून दिव्यांची वायर छतातून कुठून आत जाते तेही दाखवलं. सध्या त्याच्या बोलेरोची उजवी बाजू कापून झाली आहे, मागच्या दाराच्या बिजागऱ्या बाकी आहेत.