केमोथेरपी सुरू असताना इतर औषधे आणि लसी : या चुका टाळा

केमोथेरपीची औषधे रुग्णालयात मोजूनमापून दिली जातात; गफलत होते ती बहुधा घरातल्या औषधांच्या डब्यातून. ‘नेहमीचीच गोळी’ म्हणून जिचा डॉक्टरांपुढे उल्लेखही होत नाही, ती केमोच्या औषधाचे रक्तातील प्रमाण बदलू शकते.

अंगदुखीची गोळी मनाने घेणे ही सर्रास होणारी चूक आहे. मेथोट्रेक्सेट हे केमोचे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकमुळे ते शरीरात रेंगाळते, आणि मोठ्या मात्रेच्या उपचारात ॲसिडिटीवरचे पँटोप्राझोलही तेच करू शकते. परिणामी तोंड सोलवटते आणि रक्तपेशी घटतात. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य खरे, पण ते ताप न मोजता घेतल्यास जंतुसंसर्गाची खूण झाकली जाते. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर तडक रुग्णालय गाठावे.

युरिक ॲसिडसाठीचे ॲलोप्युरिनॉल आणि ल्युकेमियातील (रक्ताच्या कर्करोगातील) केमोचे औषध मर्कॅप्टोप्युरिन ही जोडी विशेष घातक आहे. मर्कॅप्टोप्युरिनचे विघटन करणारे विकरच ॲलोप्युरिनॉल रोखते. म्हणून दोन्ही द्यावीच लागली, तर मर्कॅप्टोप्युरिनची मात्रा नेहमीच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर आणतात. कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळीसोबत रक्त पातळ करणारे वॉरफरिन चालू असेल, तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो, त्यामुळे आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) वरचेवर तपासावा लागतो. ‘ताकदीसाठी’ आणलेले फॉलिक ॲसिडही कॅपेसिटाबिनचे दुष्परिणाम वाढवते. तरीही चालू औषध परस्पर बंद करू नये, कारण ती दुसरी चूक ठरेल. सगळ्या गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांना दाखवावीत.

त्यांत काढेही आले. मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली होती, आणि केमोची बरीच औषधे यकृतातच विघटित होतात.

लसींबाबत चुका दोन्ही टोकांच्या होतात. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी आणि पीतज्वर यांच्या लसी जिवंत जंतूंच्या असल्याने त्या केमो चालू असताना टाळतात, आणि उपचार संपल्यावरही किमान तीन महिने थांबतात. म्हणून सगळ्याच लसी वर्ज्य मानणेही चूक आहे: फ्लूचे निष्क्रिय लसीचे इंजेक्शन घेता येते, आणि शक्य झाल्यास ते केमोच्या दोन आठवडे आधी घ्यावे. घरातील निरोगी मुलांची गोवराची लस लांबवू नये. मात्र पोलिओचे थेंब देण्याआधी डॉक्टरांना विचारावे, कारण थेंबांतील विषाणू मुलाच्या शौचातून रुग्णापर्यंत पोहोचू शकतो, तर इंजेक्शनच्या पोलिओ लसीत ही अडचण नसते.